तालमीपासून पदवीपर्यंत : शारीरिक शिक्षकाच्या पेशाचा इतिहास



आपल्या घरांत रोज वापरल्या जाणाऱ्या एका शब्दापासून सुरुवात करू. 'तालीम' म्हटले की आपण उर्दूत शिक्षण समजतो. मुलाची तालीम पुरी झाली का, मुलीची तालीम मध्येच थांबवू नका, असे आपण बोलतो. हाच शब्द मराठी माणसाच्या तोंडी आला की डोळ्यांपुढे तांबडी माती, घुमणारे जोर, खांद्यावरचा मुद्गल आणि काठावर बसलेला वस्ताद उभा राहतो. मूळ शब्द अरबी असून त्याचा अर्थ शिकवणे एवढाच आहे. मराठीने तो घेतला आणि आखाड्याला दिला. 'वस्ताद' म्हणजे आपला उस्तादच. 'पैलवान', 'कुस्ती', 'शागीर्द' हे शब्दही त्याच वाटेने आले. महाराष्ट्रात शरीराचे शिक्षण आणि बुद्धीचे शिक्षण यांना एकच नाव पडावे, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकाला तरी विचार करायला लावणारी वाटते.

हा विषय निवडण्याचे कारण पालकसभा. दहावीचा किंवा बारावीचा एखादा विद्यार्थी सांगतो की मला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचे आहे, आणि त्याचे वडील विचारतात, "पी. टी. सर व्हायला शिकायचे काय असते? शिट्टी आणि पांढरी पँट असली की झाले ना?" प्रश्न रागाने विचारलेला नसतो. आपल्या समाजात डॉक्टर, इंजिनियर आणि अलीकडे संगणकवाला, एवढ्याच पदव्यांना पदवी मानण्याची सवय पडून गेली आहे. तेव्हा या पेशाला प्रमाणपत्र कधीपासून लागू लागले, ते कोणी सुरू केले आणि आज ते मिळवायचे कसे, हे इतिहासाच्या वाटेने पाहू.

ड्रिल मास्तरांचा काळ

इंग्रजी अमलात सरकारी शाळा निघाल्या तेव्हा व्यायाम हा विषयच नव्हता. १८८२ च्या हंटर कमिशनने देशी खेळ, जिम्नॅस्टिक्स आणि शाळेतील कवायत यांना उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस झाली, पण शिकवणार कोण? सोपा उपाय निघाला. फौजेतून निवृत्त झालेला हवालदार किंवा नाईक नेमायचा. तो पल्लेदार आवाजात इंग्रजी हुकूम सोडी आणि मुले, अर्थ न कळता, हातपाय हलवीत. काही शाळांतून तालमीतला एखादा पैलवान बोलावला जाई. त्याला मुले 'तालीम मास्तर' म्हणत.

ही माणसे वाईट नव्हती. पुष्कळांच्या अंगी शिस्त होती, वेळेचा काटेकोरपणा होता. परंतु दहा वर्षांचे मूल आणि वीस वर्षांचा रंगरूट यांतला फरक त्यांना कोणी शिकवलेला नव्हता. दम्याच्या मुलाला किती पळवावे, वाढत्या हाडावर किती भार टाकावा, याचे ज्ञान पलटणीत मिळत नाही. शाळेतही त्यांची जागा खालची, पगार वर्गशिक्षकाहून कमी. आज पी. टी. सरांकडे पाहण्याची जी नजर आहे, तिचे मूळ या काळात आहे असे माझे मत आहे. गोष्ट जुनी झाली, नजर राहिली.

बडोद्याचा उस्ताद आणि त्याची शागीर्दी

दुसरी परंपरा मात्र फार वेगळी होती, आणि तिचा एक धागा आपण सर्वांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

बडोद्यात जुम्मादादा नावाचे एक मुसलमान वस्ताद होते. त्यांच्या आखाड्याचा उगम १८८० च्या सुमाराचा. त्यांचे पट्टशिष्य गजानन यशवंत तांबे हे मराठी गृहस्थ. पुढे हेच माणिकराव या नावाने साऱ्या हिंदुस्थानच्या व्यायामक्षेत्रात ओळखले गेले आणि त्यांना 'राजरत्न' हा किताबही मिळाला. उस्तादाच्या मागे माणिकरावांनी आखाडा चालवला, वाढवला, आणि त्याला स्वतःचे किंवा एखाद्या श्रीमंताचे नाव न देता आपल्या गुरूचे नाव दिले : जुम्मादादा व्यायाम मंदिर. बडोद्यात ही संस्था त्याच नावाने ओळखली जाते.

माणिकरावांना लोक 'प्रोफेसर' म्हणत. हा प्रोफेसर कोणत्याही विद्यापीठाचा नव्हता. पण शिक्षणाच्या दृष्टीने त्यांनी केलेले काम एखाद्या प्राध्यापकालाही सहज साधणार नाही. आखाड्यात वस्ताद एका वेळी दोघाचौघांना शिकवतो. शाळेत एका वेळी चाळीस मुले असतात. तेव्हा देशी व्यायाम समूहाने कसा करून घ्यावा, त्याचे टप्पे कसे पाडावेत आणि हुकूम इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत कसे द्यावेत, हे त्यांनी बसवले. ज्या हुकुमांचा अर्थ मुलाला कळतो, असे हुकूम तयार होणे ही साधी गोष्ट नव्हे. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. हे काम १९३० च्या दशकात सुरू झाले. म्हणजे वस्तादाच्या हातात असलेली विद्या आता छापील पानावर येऊ लागली होती. कोणतीही विद्या पेशा बनण्याआधी तिला ही पायरी ओलांडावी लागते.

माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांच्या साहाय्याने तपासायला सुरुवात केली. कुवलयानंद पुन्हा या कथेत येणार आहेत, म्हणून एवढे ध्यानात ठेवा : जुम्मादादांचे शिष्य माणिकराव, माणिकरावांचे शिष्य कुवलयानंद.

मद्रासमध्ये पहिली शाळा

शारीरिक शिक्षकाला रीतसर शिकवून प्रमाणपत्र देण्याची पद्धतशीर सुरुवात मद्रासला झाली. हॅरी क्रो बक नावाचा एक अमेरिकन १९१९ साली वाय.एम.सी.ए.च्या कामासाठी तेथे आला. त्याचे शिक्षण अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील महाविद्यालयातले. बास्केटबॉल हा खेळ जन्मला तोही तेथेच, १८९१ च्या हिवाळ्यात. बाहेर थंडी, आत कवायतीला कंटाळलेले विद्यार्थी, आणि त्यांना गुंतवून कसे ठेवावे या विवंचनेत असलेले शिक्षक जेम्स नेस्मिथ. त्यांनी फळांच्या टोपल्या टांगल्या आणि खेळ तयार झाला. वर्गातल्या अडचणीतून एका शिक्षकाने शोधलेला हा खेळ आहे, हे आमच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांनाही सहसा ठाऊक नसते.

बक यांनी १९२० साली मद्रासेत शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. पहिली तुकडी अगदी मोजक्या विद्यार्थ्यांची होती. पण अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्र होते, शरीरक्रियाशास्त्र होते, आरोग्यशास्त्र होते, मुलांना प्रत्यक्ष शिकवण्याचे पाठ होते. ड्रिल मास्तर आणि शारीरिक शिक्षक यांच्यामध्ये रेघ ओढली गेली ती येथे. पुढे याच संस्थेचे वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालय झाले. १९२४ साली पॅरिस ऑलिंपिकला जो भारतीय संघ गेला, त्याचे व्यवस्थापक बकच होते. त्या ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळायला हैदराबादचे सय्यद मोहम्मद हादी गेले होते. हे हादी सात खेळांत तरबेज म्हणून 'रेनबो हादी' म्हणवले जात, आणि १९३४ साली सुरू झालेल्या रणजी स्पर्धेतले पहिले शतक त्यांच्या नावावर आहे. बक १९४३ मध्ये मद्रासेतच वारले.

अमरावती, हैदराबाद, कांदिवली

आपल्या बाजूला अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले होते. सरकारी मदतीची वाट न पाहता व्यायामशिक्षक तयार करण्याचे काम या मंडळाने हाती घेतले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी व्यायामाची व कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखवली. विदर्भातल्या किती शाळांना अमरावतीने शिक्षक पुरवले असतील, त्याचा अंदाज जुन्या शिक्षकांशी बोलल्यावरच येतो.

१९३१ साली निजामाच्या हैदराबादेत सरकारी शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. १९५६ पर्यंत मराठवाड्याचा कारभार तिकडूनच चाले. तेव्हा हैदराबादचे हे महाविद्यालय परक्या मुलखातले म्हणून बाजूला टाकता येणार नाही.

मुंबई इलाख्यात मात्र सरकारला जाग यायला १९३७ साल उजाडले. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि शाळांतील व्यायामाचा विचार करायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण? स्वामी कुवलयानंद. समितीच्या विचाराचा गाभा हा की, शिक्षकच तयार नसतील तर विषय सक्तीचा करून उपयोग काय! त्यातून १९३८ साली कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. बडोद्याच्या एका मुसलमान वस्तादाच्या मातीत सुरू झालेली वाट मुंबई सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षणापर्यंत येऊन पोचली, ती अशी. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ही साखळी एका ठिकाणी वाचायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिली.

कांदिवलीनंतर शारीरिक शिक्षकाच्या नावापुढे अक्षरे लागू लागली. मॅट्रिक झालेल्यांसाठी प्रमाणपत्र आणि पदवीधरांसाठी पदविका, अशी सर्वसाधारण विभागणी होती. सी.पी.एड. आणि डी.पी.एड. ही अक्षरे जुन्या शिक्षकांच्या सेवापुस्तकात आजही दिसतात. पुढे पदवीधरांच्या अभ्यासक्रमाला बी.पी.एड. किंवा बी.एड. (शारीरिक शिक्षण) असे नाव आले. नावे बदलत गेल्याने पालकांचा गोंधळ होतो. आजोबांचे डी.पी.एड. आणि आजचे डी.पी.एड. हे एकच अभ्यासक्रम नव्हेत.

रहीमसाहेब : बी.ए., पदविकाधारक

२०२४ साली 'मैदान' हा चित्रपट आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव आपल्या मुलांच्या तोंडी आले. भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा प्रशिक्षक म्हणून त्यांना जग ओळखते. मला मात्र तुमचे लक्ष त्यांच्या मूळ पेशाकडे वेधायचे आहे. हा माणूस शाळामास्तर होता.

जन्म १९०९, गाव हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठातून ते बी.ए. झाले. काचीगुडा येथील माध्यमिक शाळेत शिक्षक लागले. त्यानंतर उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी नोकरी केली. फुटबॉल उत्तम खेळत. आपल्याकडे एवढ्यावरच माणूस खेळाचा शिक्षक होतो! ज्याला खेळता येते त्याला शिकवता येते, असे आपण धरून चालतो. रहीमसाहेबांनी तसे धरले नाही. नोकरीत असलेल्या, बी.ए. झालेल्या, मैदानावर नाव असलेल्या या माणसाने शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मगच शाळेच्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली.

त्या शिक्षणाचा उपयोग काय झाला ते त्यांच्या पद्धतीवरून ओळखता येते. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. त्यांनी तरुणांसाठी अशा स्पर्धा घेतल्या की ज्यांत चेंडू पायात खेळवत पुढे नेण्यास मनाई असे. चेंडू आला की साथीदाराला द्यायचा. काही सामन्यांत खेळाडूने आपल्या कमजोर पायानेच खेळायचे. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या पायाने मारू लागला की आधी हसे होते, आणि काही महिन्यांत दोन्ही पाय तयार होतात. ही रीत शिक्षकाची आहे. मोठे कौशल्य घ्यायचे, त्याचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एखाद्या खेळात बसवायचा. पाठ-टाचण काढणाऱ्या कोणत्याही बी.एड.धारकाला त्यातली जात ओळखू येईल.

त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. कुपरेजवर ते सामने पाहिलेले वृद्ध मुंबईच्या मोहल्ल्यांतून अगदी अलीकडेपर्यंत भेटत. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक घेतले. सगळाच प्रवास असा यशाचा नव्हता. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी, १९५६ साली मेलबर्नला, रहीमसाहेबांचा संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला आणि चौथा आला. तेथे यजमान ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळाला, त्यात तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझांचे होते.

१९६२ साली जकार्ताला आशियाई स्पर्धा भरली तेव्हा रहीमसाहेब कर्करोगाने आजारी होते. अंतिम सामन्यात प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. बचाव खेळाडू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीला खेळवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले व दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला. आशियाई स्पर्धेत भारताला पुरुष फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर मिळालेले नाही. जून १९६३ मध्ये रहीमसाहेब अल्लाला प्यारे झाले. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हे १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. तेही २०२१ मध्ये गेले.

स्वातंत्र्यानंतर

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण समित्या पुष्कळ झाल्या. १९४८ मध्ये डॉ. ताराचंद समिती नेमली गेली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शारीरिक शिक्षकाला समान पात्रतेच्या इतर शिक्षकांइतकाच दर्जा द्यावा असे सांगितले. त्याच अहवालात चाळीस वर्षांखालच्या सर्व शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या खेळांत भाग घ्यावा अशीही शिफारस आहे. ती आमच्या शिक्षक-खोलीत मी वाचून दाखवली तेव्हा अनेकांनी आपण एक्केचाळीस वर्षांचे असल्याचे जाहीर केले. १९५४ साली आझाद हिंद सेनेतले कोकणचे सेनानी जनरल जगन्नाथराव भोसले यांनी दिल्लीत निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ती इतर प्रांतांत पसरली. एकाच मुलासाठी तीन-तीन योजना झाल्या तेव्हा १९५९ मध्ये हृदयनाथ कुंझरू समिती बसली आणि १९६५ पासून सगळ्यांना एकत्र बांधण्याचा प्रयत्न झाला.

या सर्वांत टिकाऊ काम एकच झाले. १७ ऑगस्ट १९५७ रोजी, अठराशे सत्तावनच्या शताब्दीच्या वर्षी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ग्वाल्हेरला राष्ट्रीय शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे आपल्या कांदिवलीच्या संस्थेतून गेलेले. शालान्त परीक्षेनंतर सलग तीन वर्षांची शारीरिक शिक्षणाची पदवी येथे प्रथम मिळू लागली आणि १९६३ पासून पदव्युत्तर शिक्षणही. महाराष्ट्रात पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ मध्ये चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय काढले, इतरही निघाली.

आजचा परवाना

डॉक्टरला जसा नोंदणी क्रमांक असतो, तसा वेगळा परवाना आपल्या देशात शारीरिक शिक्षकाला नाही. मान्यताप्राप्त संस्थेची पदवी किंवा पदविका हाच त्याचा परवाना. खासगी शाळांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, तिच्या अनुसूचीत शिक्षकांच्या पात्रता दिलेल्या आहेत. संस्थेने नेमणूक केल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, आणि मान्यता देताना कागद पाहिले जातात. केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद १९९५ पासून काम करते. पदवी देणाऱ्या महाविद्यालयाला या परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी स्वतः पाहावे. फीचे पैसे भरून, वर्षे घालवून, नंतर मान्यता नसल्याचे कळलेली मुले मी पाहिली आहेत.

परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी मार्ग असे ठरवले. बारावीनंतर दोन वर्षांचे डी.पी.एड. हे प्राथमिक स्तरासाठी. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. हे माध्यमिकसाठी. त्यापुढे दोन वर्षांचे एम.पी.एड. पूर्वी बी.पी.एड. एका वर्षात होई, ते दिवस गेले. बी.पी.एड.ला पदवीस साधारण ५० टक्के गुण लागतात आणि मान्य स्पर्धेत भाग घेतल्याचा पुरावा लागतो. मागास प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत आहे. महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. त्यात लेखी भाग असतो आणि मैदानी चाचणीही असते. नियमांत बदल होत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज करू नये.

आता वडिलांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, शिकायचे काय असते? एकच उदाहरण देतो. चारशे मीटरच्या शर्यतीत धावपटू एका रेषेत उभे नसतात, बाहेरच्या पट्ट्यातला पुढे उभा असतो, हे तुम्ही दूरदर्शनवर पाहिले असेल. किती पुढे? पट्टा १.२२ मीटर रुंद धरला तर दुसऱ्या पट्ट्यातला धावपटू ७.०४ मीटर पुढे, आणि तेथून प्रत्येक पट्ट्याला आणखी ७.६७ मीटर. पहिला आकडा वेगळा का? पहिला पट्टा आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात, बाकीचे रेषेपासून २० सेंटिमीटरवर. शाळेच्या ओबडधोबड मैदानावर चुन्याने हे आखून देणारा शिक्षक परिघाचे सूत्र पायाने शिकवत असतो. परीक्षा जवळ आली की ज्याचा तास बीजगणिताला दिला जातो, तो हाच माणूस.

आणि हे तर आखणीचे झाले. शरीररचना, शरीरक्रिया, क्रीडामानसशास्त्र, दुखापतीवरचे प्रथमोपचार, पंचगिरी, चाचणी व मापन, शिबिर, सराव-पाठ हे सर्व वेगळेच. रमजानमध्ये दुपारच्या तासाला रोजा असलेल्या मुलाला पळवायचे, की गुणलेखक म्हणून सावलीत बसवायचे, आणि हे करताना त्याला वगळल्यासारखे वाटू न देणे, हे निर्णय शिट्टी घेत नाही.

एक गोष्ट कटू आहे, ती लपवत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पट असेल तेथे, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितला आहे. कला आणि कार्यशिक्षणाचेही तसेच. म्हणजे मुदलियार आयोगाने समान दर्जा मागितल्यानंतर अर्ध्या शतकाने कायद्यात 'अंशकालीन' हा शब्द आला. पूर्णवेळ जागा पूर्वीइतक्या सहज निघत नाहीत, आणि पदवी घेतली की नोकरी ठेवलेलीच आहे असे मी कोणाही विद्यार्थ्याला सांगणार नाही. खेळ प्रशिक्षण, क्रीडा कार्यालये, व्यायामशाळा अशी इतर क्षेत्रे आहेत, तिकडेही पदवी विचारली जाते.

मुलींच्या पालकांसाठी एक शब्द वेगळा. आपल्या मुली मैदानावर का येत नाहीत याची चर्चा आपण फार करतो. माझे निरीक्षण असे की, जेथे शारीरिक शिक्षणाच्या मॅडम आहेत तेथे मुली ओढणी कमरेला बांधून खो-खोच्या पाटीवर येऊन बसतात, आणि जेथे नाहीत तेथे त्या भिंतीला टेकून तास काढतात. शाळांना अशा मॅडम हव्या आहेत. त्या बाहेरून येण्याची वाट पाहायची, की आपल्यातल्या दोन-चार मुलींना बी.पी.एड.ला पाठवायचे, हे घरात ठरते. मैदानी चाचणीला अंग झाकणारा खेळाचा पोशाख घालून मुली जातात आणि उत्तीर्ण होतात. वसतिगृहाची चौकशी मात्र आधी करावी.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी कामाची माहिती. आंतरमहाविद्यालयीन किंवा जिल्हा स्पर्धेत खेळलात तर भाग घेतल्याचे प्रमाणपत्र त्याच वर्षी जिमखाना विभागातून सही-शिक्क्यासह मागून घ्यावे, आणि त्यावरचे नाव गुणपत्रिकेवरील नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. आपल्याकडे शेख आधी की नंतर, मोहम्मद पूर्ण की संक्षिप्त, याने फार घोटाळे होतात. पदवीनंतर दोन-तीन वर्षांनी दुरुस्तीला गेल्यास जुनी नोंदवही सापडेपर्यंत अर्जाची मुदत निघून गेलेली असते.